धुऊन आणू नका

"हा धुवायचा नाहीये," बाई म्हणाली आणि तिने कोट लाँड्रीच्या काउंटरवर ठेवला. ठेवला तोही असा, की झोपलेलं मूल जागं होऊ नये. "काखेत अस्तर उसवलंय, तेवढं शिवून द्या. धुऊ नका. ब्रशसुद्धा मारू नका." दुकानदाराने सवयीने कोट उजेडाकडे धरला, कॉलर उलटी केली, बाह्या पाहिल्या. जाड करड्या लोकरीचा, पुरुषाचा कोट. कॉलरला आतून काळपट तेलकट पट्टा, उजव्या खिशाच्या शिवणीत तंबाखूची भुकटी. "कॉलर फारच खराब झालीय हो," तो म्हणाला, "निघेल हा डाग. अगदी सहज निघेल." बाई घाईने म्हणाली, "नको नको, राहू दे तो." मग दुकानात दुसरं कुणी नाही ना हे पाहून, आवाज खाली आणत, "त्यांचा वास आहे अजून त्यात. घरातलं बाकीचं सगळं मी धुऊन टाकलं. तेव्हा सुचलंच नाही." म्हणता म्हणता ती ओशाळली. "हसाल तुम्ही." "छे हो, हसायचं काय त्यात," तो म्हणाला. "संध्याकाळी या. शिवून ठेवतो."

बाई गेली आणि तो कोटावर हात ठेवून तसाच उभा राहिला. लोक त्याच्याकडे कपडा आणतात तो चिमटीत धरून, हात लांब करून. बघा हो, निघतंय का, म्हणतात. माणसाने अंगावर जे जे सांडलं, जे जे घाम होऊन बाहेर आलं, ते नाहीसं करायचं आणि कपडा परीटघडी करून परत द्यायचा, यात त्याचा जन्म गेला. या काउंटरवर 'धुऊ नका' असं कुणी म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण ते शब्द ओळखीचे होते. आवाज तेवढा दुसरा होता, खर्जातला, चार माणसांत बोलायची सवय झालेला. "धुऊन आणू नका हं," आई प्रत्येकाला दारातूनच ओरडून सांगायची. "अंगावरून काढलंत की तस्सं आणा." तो आवाज आत सुरू झाला आणि डोकं त्याच्या मागे निघून गेलं, हात मात्र इथेच राहिले, आणि हात बिचारे जन्मभर जे करत आले तेच त्यांनी केलं. धुलाईची पिवळी चिठ्ठी टाचली, कोट पिशवीत घातला, पिशवी दाराशी ठेवली. थोड्या वेळाने धुलाईच्या कारखान्याची गाडी आली, ड्रायव्हरने पिशव्या उचलल्या, गाडी गेली. सुईत दोरा ओवून तो अस्तर शिवायला वळला तेव्हा खुंटीवर नुसता हँगर होता.

त्याचं धाबं दणाणलं. खुंटी, काउंटर, काउंटरच्या खाली, सगळीकडे त्याने पाहिलं. पाहायची गरज नव्हती. चिठ्ठी टाचताना बोटाला टोचलेली टाचणी त्याला आता आठवत होती. कारखान्याला फोन लावला. तिथे यंत्रांच्या आवाजात फोनची घंटा कुणाच्या कानी पडत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी दोनदा लावला. मग दुकान ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि मिळेल त्या बसमध्ये चढला. उभ्याने, दांड्याला धरून. शेजारचा माणूस जरासा बाजूला सरकला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. लोक सरकतातच. त्याच्या अंगाला कायम ड्रायक्लीनच्या द्रवाचा वास असतो, थोडा गोडसर, थोडा रॉकेलसारखा. कितीही आंघोळ करा, जात नाही. बायको लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, तुम्ही घरात कुठल्या खोलीत आहात हे मला न बघता कळतं. तो स्वतः मात्र तो वास कधीच विसरून गेला होता. दुसऱ्यांचे वास काढणाऱ्याला आपला कळत नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तसंच.

आई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. शाळेत पाचपर्यंत आणि घरासमोरच्या सभागृहात त्यापुढे. सभागृह म्हणजे एक लांबट, पत्र्याच्या छपराची खोली आणि एका टोकाला चौथरा. तिथे तिने वस्तीतल्या मुलांची नाटकं बसवली, मोठ्यांची बसवली, आजारी माणसांच्या पाळ्या लावल्या, दिव्याच्या खांबासाठी अर्ज लिहून सह्या गोळा केल्या. बाबा कचेरीतून येऊन झाकून ठेवलेलं जेवायचे आणि म्हणायचे, "तुझी आई लष्कराच्या भाकऱ्या भाजायला गेलीय. तू हात धुऊन घे." पहिल्या नाटकाला पडदा नव्हता. तेव्हा तिने घराघरांत निरोप दिला, की प्रत्येकाने टॉवेलाएवढा एकेक तुकडा द्यावा, पण घरातल्या कुणीतरी अंगावर वापरलेल्या कपड्याचा, आणि न धुतलेला. लोकांना वाटलं बाईचं डोकं फिरलंय. बेकरीवाल्याने तर विचारलंच, "अहो, निदान झटकून तरी देऊ का?" तर ही म्हणाली, "झटकू नका. धुतलेलं कापड कुणाचंच नसतं. मला पडद्यात माणसं हवीत." मग माणसं आली. बेकरीवाल्याचा एप्रन आला, मेकॅनिकची डांगरी, नर्सच्या गणवेशाची बाही, दूधवाल्याचा सदरा, कुणाच्या तान्ह्या मुलाचं दुपटं. आईने त्यांची रंगसंगती बसवली, महिनाभर जमिनीवर मांडून पाहिली, आणि जेवायच्या टेबलावर मशीन ठेवून शिवायला बसली. पुढे वस्तीत जो जो राहायला आला त्याचा तुकडा पडद्यात आला, जो गेला त्याचा तुकडा राहिला. तिला लोक पडदेबाई म्हणायला लागले, ते शेवटपर्यंत.

आणि ही शिवण घरातल्या ज्या खोलीत चालायची त्याच खोलीत याचं अंथरूण. नाक जन्मतः तिखट. रात्री दिवा गेला की टेबलावरून ती सगळी माणसं खाली उतरायची: ग्रीस, आंबलेलं पीठ, औषधं, दूध, कुणाचातरी जुना घाम. तो उशीत तोंड खुपसून पडायचा. त्याला आपली आई त्या वासांतून कधी वेगळी काढता आली नाही. ती जवळ घ्यायची तेव्हाही तिच्या पदराला दुसऱ्यांचाच वास असायचा. मग त्याला घड्या घालायचं वेड लागलं. आपले कपडे, चादर, रुमाल, वर्तमानपत्रसुद्धा तो कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी करून ठेवायचा. आई हसायची. "आमचा घड्या बघा," म्हणायची, "याला जगाची इस्त्री करायचीय." लाडाने म्हणायची, हे आता कळतं. तेव्हा नाकाला मिरच्या झोंबायच्या.

बस एका चौकात अडकली होती. पुढे कुणाचीतरी गाडी बंद पडलेली, मागचे हॉर्न वाजवतायत. कोट आत्ता कुठे असेल, याचा तो हिशोब करत होता. गडद लोकरी कपडे दुपारी एकत्र ड्रममध्ये जातात. एकदा झाकण बंद झालं की मध्ये उघडता येत नाही. त्या बाईचं तोंड त्याला दिसत होतं. 'तेव्हा सुचलंच नाही' म्हणतानाचं. तिने घरातलं सगळं धुतलं आणि मग तिला कळलं. त्याला तर आधीपासून ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

दहा वर्षांचा असेल तेव्हा त्याने मनाचा हिय्या करून आपलाही तुकडा द्यायचं ठरवलं. आवडता निळा शर्ट होता. तो त्याने स्वतः साबणाने धुतला, वाळवला, इस्त्री केली, बोट लावलं तर कापलं जाईल अशी घडी घातली आणि तालमीच्या वेळी सभागृहात नेऊन आईच्या हातात दिला. आईने तो नाकाशी नेला आणि खो खो हसली. "अरे घड्या, यात तू कुठायस? घाल, खेळ, चांगला मळव, आणि मग आण." सगळे हसले. बेकरीवाला हसला, मेकॅनिक हसला. तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली, शर्ट परत दिला आणि तालीम पुढे सुरू केली. तेवढंच. त्यात काय मोठं? पण काही मुलं अशी असतात, की त्यांना मारलेलं चालतं, हसलेलं चालत नाही. त्याने तो शर्ट पुन्हा आणला नाही. आईने पडद्याच्या डाव्या कडेला, दोरीजवळ, त्याची जागा राखून ठेवली आणि तिथे तात्पुरतं गोणपाट लावलं. "ती घड्याची जागा," ती सांगायची. "देईल कधीतरी." तो मोठा झाला, नाकासमोर चालत शिकला, धुलाईच्या धंद्यात पडला, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. वस्तीतले लोक गमतीने म्हणत, पडदेबाईंच्या पोटी धोबी. गोणपाट तिथेच राहिलं.

आईला आयुष्य भरपूर मिळालं. बाबा गेले, तिच्या बरोबरीच्या बायका गेल्या, बेकरी जाऊन तिथे फोनचं दुकान आलं. ही आपली सभागृहात. ऐंशीच्या पुढे मात्र डोळे गेले. आधी रंग गेले, मग कडा, मग उजेड-अंधार तेवढा उरला. चित्र काढणाऱ्या बाईचे डोळे जाणं म्हणजे काय, याचा त्याने फार विचार केला नाही. विचार करायचा तर जाऊन बसावं लागलं असतं. आईनेही त्याची तक्रार केली नाही. तिने नवाच उद्योग काढला. सभागृहाचा रखवालदार तिला हाताला धरून रस्त्यापलीकडे न्यायचा, आणि ही पडद्याशी बसून एकेक तुकडा चाचपायची, नाकाला लावायची. "हा मेकॅनिक. ही नर्स, हिचं लग्न मी लावलं. हे दुपटं, याचे आता केस पिकले असतील." एका रविवारी त्याने ते डोळ्यांनी पाहिलं. ती पडद्यात तोंड घालून कुणाशीतरी हसत होती. त्याला काय दिसलं? इतक्या वर्षांची धूळ, बुरशीचे ठिपके, मळाने कडक झालेल्या कडा. आपली आंधळी आई त्या घाणीत तोंड घालून बसलीय, हेच त्याला दिसलं. आणि त्याला गलबलून आलं. जन्मात आईला आपण काही दिलं नाही, ते आता द्यायचं, असं त्याने ठरवलं. सभागृहाला पन्नास वर्षं होत होती. त्याने रखवालदाराला सांगून पडदा उतरवला, आठवडाभर कारखान्यातली बाकीची कामं बाजूला सारली आणि स्वतःच्या हातांनी, तुकड्या-तुकड्याला वेगळा द्रव वापरून, एक रंग दुसऱ्यात उतरू न देता, तो पडदा धुतला. इतकं चांगलं काम त्याने ना आधी कधी केलं, ना नंतर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, त्यातला प्रकार.

समारंभाच्या दिवशी पडदा झळकत होता. लोक उभे राहून बघत होते. रखवालदाराने आईला पुढे आणलं. तिने हात लावला, मग नाक लावलं. थांबली. एक पाऊल सरकली, तिथे मेकॅनिक असायला हवा होता. पुन्हा नाक लावलं. आणखी सरकली. तिची बोटं शिवणीवरून भराभर फिरायला लागली, एखादी किल्ली हरवल्यावर फिरतात तशी. मग हात खाली आले. ती त्याच्या दिशेने वळली. "छान झालाय रे," ती म्हणाली. "सगळीकडे तूच आहेस." टाळ्या पडल्या. त्याची छाती फुगली, हे नाकारण्यात अर्थ नाही. घरी जाताना अर्ध्या वाटेत त्याला त्या वाक्याचा अर्थ लागला. तिची सगळी वस्ती तिच्या लेकाने नाहीशी केली होती, आणि तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. आता कसल्या तोंडाने तिच्यासमोर बसायचं? पुढच्या रविवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी दुकानाचं निमित्त काढलं. चोराच्या मनात चांदणं. महिन्यातून एकदा उभ्या-उभ्या जायचा, औषधं ठेवायचा, निघायचा. ती म्हणायची, "बस की जरा." तो म्हणायचा, "पुन्हा येतो, सावकाश." सावकाश तो आला तेव्हा ती गेलेली होती.

कारखान्याच्या फाटकाशी नेहमीप्रमाणे सभागृहाचा तो रखवालदार, आता म्हातारा झालेला, खुर्ची टाकून बसला होता. सभागृह विकलं गेलं तेव्हा रखवालदाराला यानेच इथे आणलं; पडद्याची गुंडाळी माळ्यावर टाकली आणि रखवालदाराला फाटकावर बसवलं, म्हणजे दोन्हीकडे बघायला नको. तो उठून उभा राहतोय एवढ्यात हा त्याला ओलांडून आत धावला. यंत्रं गरगरत होती. इस्त्रीवाल्या बायका वाफेतून वर बघायला लागल्या. मोठा ड्रम फिरत होता आणि काचेतून गडद कपडे वर जात होते, खाली पडत होते. एक बाही काचेला चिकटली, करडी वाटली, निसटून गेली. तो ओरडून विचारत होता, कुणाला काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात त्याची नजर मागच्या ढकलगाडीवर गेली. ड्रम भरल्यावर उरलेले कपडे तिथे पुढच्या खेपेसाठी ठेवलेले होते, आणि त्यांच्या तळाशी, पिवळ्या चिठ्ठीसकट, तो कोट होता. त्याने ओढून काढला. कॉलरचा पट्टा होता. तंबाखूची भुकटी होती. जीव भांड्यात पडला, आणि तो बाहेर येऊन फाटकाशी, म्हाताऱ्याच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर मटकन बसला. कोट त्याने पोटाशी धरला होता.

"पाणी आणू का साहेब?" म्हाताऱ्याने विचारलं. "नको." "कुणाचा आहे?" "एका बाईंच्या नवऱ्याचा. शिवायचा होता, धुवायचा नव्हता. वास राहावा म्हणून." म्हातारा हसला नाही. "पडदेबाई म्हणायच्या तसंच की," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्या दोघांत ते नाव निघालं नव्हतं. निघालं तसं याला राहवेना. "तुम्हाला तरी ती बोलली असेल," तो म्हणाला. "मी पडदा धुतला त्याबद्दल. मला कधी काही म्हणाली नाही, पण तुमच्यापाशी शिव्या घातल्या असतील." "शिव्या?" म्हातारा चकित झाला. "नाही हो. दोन दिवस गप्प होत्या, हे खरं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, चल, उघड सभागृह. मग रोज दुपारी यायला लागल्या. पूर्वी मनाला येईल तेव्हा यायच्या, आता रोज. खुर्ची पडद्याला लावायची आणि पडदा असा अंगावर ओढून घ्यायचा, शालीसारखा. मी एकदा विचारलं, बाई, आता काय शोधता, सगळे तर धुऊन गेले. तर म्हणाल्या, शोधत नाही रे. घड्याकडे आलेय. त्याला दुकानातून यायला जमत नाही, मग मीच येऊन बसते."

फाटकावरून एक गाडी आत आली. म्हाताऱ्याने उठून फाटक उघडलं, लावलं, परत येऊन बसला. "घरी सोडताना कुणी भेटलं की सांगायच्या," तो पुढे म्हणाला, "मुलाकडे बसून आले, बरं वाटलं." "मग?" "मग काय, तुमच्या धुलाईचा वास तो, उडत गेला. आधी मधला गेला. कडेला जरा टिकला. ते दोरीजवळ गोणपाट होतं बघा, त्यात सगळ्यात जास्त दिवस राहिला. शेवटी शेवटी खुर्ची मी तिथेच टाकायचो. एक दिवस बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, आज नाही भेटला, दुकानात गर्दी असेल. दुसऱ्या दिवशी आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. मग म्हणाल्या, आता नको नेऊस." म्हाताऱ्याने गुडघ्यावरची धूळ झटकली. "मला का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं. "कसं सांगू साहेब? तुम्ही फाटकातून जाता ते खाली बघत. मला वाटलं, तुम्हाला बाईंची आठवण नकोशी आहे."

परतताना बस रिकामी होती. तो खिडकीशी बसला, कोट मांडीवर. इतकी वर्षं त्याने एकच गोष्ट उगाळली होती, की आपण तिची माणसं पुसली. त्याच एका अपराधाच्या लाजेने तो लांब राहिला, आणि ती तिकडे त्या लांब राहिलेल्याच्या वासाला टेकून बसली होती. तिला पडद्याचं दुःख झालं असेलही. पण ते गिळून तिने, जे हाताशी उरलं त्यातलं जे तिला हवं होतं, ते घेतलं होतं. आणि ते जिवंत, हिंडतं-फिरतं, बसने अर्ध्या तासावर होतं. तो नुसता जाऊन बसला असता. काही बोलायची गरज नव्हती. अंग न धुता, दुकानातून उठून तस्सा गेला असता, तरी तेवढं पुरलं असतं. त्याला रडू आलं आणि ते त्याने येऊ दिलं. पुढच्या सीटवरच्या मुलीने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

दुकान उघडून त्याने अस्तर शिवलं. बारीक टाक्यांनी, आतल्या बाजूने, बोटं होता होईल तो कापडाला न लावता. संध्याकाळी बाई आली. तो म्हणाला, "खरं सांगतो, चुकून कारखान्यात गेला होता. धुतलेला नाही, मी वेळेवर गेलो." बाईचा चेहरा उतरला. तिने कोट उचलला आणि तिथेच, कुणाची पर्वा न करता, कॉलरमध्ये तोंड घातलं. तो बघत राहिला. तिचे खांदे हळूहळू खाली आले. "आहे," ती म्हणाली. मग पुन्हा वास घेतला, या वेळी बाहीपाशी, आणि कपाळाला आठी पडली. "पण यात आणखी कसला तरी आलाय. गोडसर."

"माझा आहे तो," तो म्हणाला. "आणताना पोटाशी धरला होता."

"जाईल ना?"

"जाईल हो," तो म्हणाला. "हा वास राहत नाही. कितीही धरून बसलं तरी राहत नाही."